दवाखान्यातला तिसरा माणूस

१९८० सालच्या जानेवारीतली गोष्ट. अमेरिकेतल्या दक्षिण फ्लोरिडामधल्या एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं गेलं. कुटुंब क्युबातून आलेलं, घरची भाषा स्पॅनिश. डोकं भयंकर दुखतंय म्हणत तो कोसळला होता. घरच्यांना वाटलं, बाहेरचं खाणं बाधलं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, मुलगा ‘इंतोक्सिकादो’ आहे. क्युबातल्या माणसाच्या तोंडी या शब्दाचा अर्थ असतो, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलेला. इंग्रजी कानाला मात्र तो ‘इन्टॉक्सिकेटेड’ असा ऐकू आला, म्हणजे नशेत असलेला. अमली पदार्थांचा अतिरेक झाल्याचं गृहीत धरून उपचार सुरू झाले. खरं दुखणं होतं मेंदूतल्या रक्तस्रावाचं, आणि ते लक्षात यायला दोन दिवसांहून जास्त वेळ गेला. मुलगा वाचला, पण हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे दावा उभा राहिला आणि तडजोडीत, त्याच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेचा हिशेब धरून, ठरलेली रक्कम सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या घरात गेली.

या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब पैशाची नाही. दुभाषा बोलवावा असं त्या रात्री कोणालाच वाटलं नाही, कारण आपलं बोलणं समोरच्याला कळलं आहे अशी दोन्ही बाजूंची खात्री होती. भाषा अजिबात कळत नसेल तर माणूस निदान सावध तरी राहतो. अर्धवट कळणं जास्त घातक.

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा, मध्य अमेरिका अशा स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांची संख्या ६ कोटी २० लाखांवर गेली. दर पाच माणसांत जवळजवळ एक. त्यांतल्या अनेकांच्या तीन-चार पिढ्या तिथेच गेल्या आहेत आणि त्यांची इंग्रजी तुमच्या-माझ्यापेक्षा सफाईदार आहे. पण शेतात, मांस कापण्याच्या कारखान्यांत, बांधकामांवर राबणारा जो नवा आलेला वर्ग आहे, त्याची गाठ डॉक्टरशी पडते तेव्हा मध्ये कोणीतरी तिसरा माणूस लागतो. तो कोण असावा, हा या लेखाचा विषय.

बराच काळ तो तिसरा माणूस म्हणजे घरातलं शाळकरी पोर असायचं. पोरगं शाळेत इंग्रजी शिकलेलं, म्हणून आईच्या पाळीच्या तक्रारीपासून आजोबांच्या कर्करोगापर्यंत सगळं त्याच्या तोंडून. २००३ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान मुलांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या, स्पॅनिशमध्ये दुभाष्यामार्फत झालेल्या तेरा भेटी संशोधकांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि शब्दन् शब्द तपासला. प्रत्येक भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या. त्यांतल्या ६३ टक्के चुका अशा, की त्यांचा उपचारांवर परिणाम होऊ शकला असता. एका आईला कान फुटलेल्या लेकराला तोंडावाटे द्यायचं प्रतिजैविक दोन्ही कानांत घालायला सांगितलं गेलं. दुसरीला चेहऱ्यावरच्या पुरळासाठीचं मलम अंगभर चोळायला. दुभाष्याचं काम करणाऱ्यांत एक अकरा वर्षांचं भावंडही होतं. रुग्णालयाने नेमलेले दुभाषेही चुकत होते, हे खरं. पण हाताशी सापडलेल्या माणसाच्या चुका जास्त धोकादायक होत्या.

औषधाच्या बाटलीवरची गोष्ट तर आणखी मजेशीर, म्हणजे हसू येतं आणि मग पोटात गोळा येतो. इंग्रजीत ‘वन्स अ डे’, दिवसातून एकदा. त्यातला ‘वन्स’ हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात, नेमक्या त्याच अक्षरांचा स्पॅनिश शब्द आहे ‘ओन्से’, आणि त्याचा अर्थ अकरा. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या औषधांच्या दुकानांची पाहणी झाली. संगणकाने तयार केलेली स्पॅनिश लेबलं तपासली तर निम्म्या लेबलांत चुका होत्या, आणि अर्धं वाक्य स्पॅनिश, मधला ‘वन्स’ तसाच इंग्रजी, असेही नमुने होते. रक्तदाबाची गोळी दिवसातून अकरा वेळा घ्यायची का, असा प्रश्न पडलेला माणूस दुकानदाराला विचारायला जाईल तर बरं. पण इंग्रजी येत नसलेला, कागदपत्रांची धास्ती असलेला माणूस सहसा विचारत नाही.

कायद्याने या बाबतीत काही केलं नाही असं नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने राष्ट्रीय मूळ पाहून भेदभाव करायला बंदी घातली आणि भाषेवरून अडवणूक हाही त्याच भेदभावाचा प्रकार, असा अर्थ पुढे लागत गेला. २००० साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला, की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न येणाऱ्यांना सेवा समजेल अशी सोय करावी. २०१६ च्या नियमांनी तर, आणीबाणी सोडून, अल्पवयीन मुलांना दुभाषा म्हणून वापरण्यालाच मनाई केली. मार्च २०२५ मध्ये मात्र इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश निघाला आणि त्यासोबत २००० चा आदेश रद्द झाला. मूळ कायदे अजून जागेवर आहेत; त्यांच्या अंमलाचा आग्रह कोण धरणार, हा प्रश्न आहे.

पण समजा, उत्तम दुभाषा मिळाला. शब्दाला शब्द अचूक. तरी काम भागतं का?

मधुमेहाचंच बघा. मेक्सिकोकडचा माणूस आजाराचं नाव घेत नाही; तो म्हणतो, मला ‘आसूकार’ आहे, म्हणजे साखर. आपल्याकडे ‘शुगर आहे’ म्हणतात तसंच. आणि साखर कशाने लागली, असं विचारलं तर अनेक जण सांगतात, ‘सुस्तो’ने. या शब्दाला मराठीत अगदी चपखल जोड आहे: धसका. भावाच्या अपघाताचा धसका घेतला, नोकरी गेल्याचा धसका बसला, सरहद्द ओलांडताना जे पाहिलं त्याचा धसका बसला, आणि तेव्हापासून साखर लागली. दुभाषा हे वाक्य इंग्रजीत बिनचूक आणेल. डॉक्टर मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळेल. रुग्णाच्या मनात मात्र गणित साधं आहे: दुखणं धसक्याचं असेल तर भाकरी-भात मोजून काय होणार? मेक्सिकन घरातली भाकरी म्हणजे मक्याची तोर्तिया, आणि ती सोडा असं सांगणं म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्याला भाकरी सोड म्हणण्यासारखं.

इथे ‘प्रोमोतोरा’ येते. शब्दशः अर्थ प्रसार करणारी. पूर्ण नाव ‘प्रोमोतोरा दे सालुद’, आरोग्याचा प्रसार करणारी. बहुतेक बायकाच. त्याच वस्तीत राहणाऱ्या, त्याच चर्चला जाणाऱ्या, पुष्कळदा पूर्वी स्वतः शेतात राबलेल्या. डॉक्टरी शिक्षण नाही. काही आठवड्यांचं प्रशिक्षण. लॅटिन अमेरिकेत ही पद्धत आधीपासून रुजली होती. अमेरिकेत १९६२ मध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या आरोग्याचा कायदा झाला, त्यावर केनेडींनी सही केली, आणि मजुरांसाठी दवाखाने उभे राहायला लागले. त्यांच्याबरोबर वस्तीवर जाऊन काम करणारी ही मंडळीही आली. प्रोमोतोरा धसक्याला हसत नाही. ती म्हणते, धसका बसलाच असेल, मोठा ताण शरीराला सोसवत नाही. पण आता साखर आलीय तर तिला आवरायचं कसं ते बघू. मग तोर्तिया सहाच्या तीन होतात, कोल्ड्रिंकची बाटली घरातून जाते, निवडुंगाच्या पानांची भाजी ताटात वाढते. गोळी आणि भाजी यांत भांडण लावायचं नाही, ही तिची हुशारी.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल, आणि तसं वाटण्याला कारण आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं तेव्हा त्यांनी गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर, बायकांना हाताशी धरलं. त्याच दशकात मेक्सिकोच्या डोंगराळ सिनालोआ प्रांतात डेव्हिड वर्नर गावकऱ्यांना आरोग्यसेवक म्हणून तयार करत होते. त्यासाठी त्यांनी लिहिलेलं स्पॅनिश पुस्तक पुढे इंग्रजीत आलं आणि तिथून जगभर गेलं. १९७८ च्या अल्मा-आता जाहीरनाम्यामागे अशाच कामांचा अनुभव होता. आपली आशाताई आणि टेक्सासमधली प्रोमोतोरा एकाच विचाराच्या लेकी आहेत, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होणार नाही.

प्रत्येक समजुतीला मात्र गोंजारता येत नाही. पोरांचं पोट फुगलं, उलट्या झाल्या की ‘एम्पाचो’ झाला म्हणतात. अन्न आतड्याला चिकटून बसलं, अशी कल्पना. पोट चोळणं, हर्बल चहा, इथवर ठीक. पण काही घरांत दोन पुडी दिल्या जायच्या, एक केशरी ‘आसार्कोन’ आणि दुसरी पिवळी ‘ग्रेता’. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या रक्तात शिसं सापडू लागलं तेव्हा या पुडींचा माग लागला. आसार्कोन म्हणजे शिशाचं ऑक्साइड, थोडक्यात आपला शेंदूर. ग्रेता म्हणजे मुर्दाडशिंग. चिमूटभर शेंदूर लेकराला चाटवल्यासारखंच ते. इथे नम्रपणे पण ठाम ‘नाही’ म्हणावं लागतं. आणि ते पत्रकाने होत नाही. पत्रकावर ‘शिसंयुक्त लोकौषधे टाळा’ असं छापलेलं असतं. आजीच्या डब्यातली पुडी म्हणजे तेच, हे पत्रकाला सांगता येत नाही. शेजारच्या बाईला डबा उघडून दाखवता येतो.

या लोकांचा दवाखान्यावर विश्वास का नसतो, हा प्रश्न अमेरिकेत वारंवार विचारला जातो. त्याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. १९१७ साली टेक्सासमधल्या एल पासो इथे मेक्सिकोहून पूल ओलांडून रोज कामाला येणाऱ्या मजुरांना, टायफसच्या भीतीने, कपडे उतरवून रॉकेलमिश्रित पाण्याने अंघोळ करायला लावत. २८ जानेवारीला कार्मेलिता तोर्रेस नावाच्या, घरकाम करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीने ट्राममधून उतरून नकार दिला आणि तिच्यामागे शेकडो बायका उभ्या राहिल्या. निर्जंतुकीकरण तेवढ्याने थांबलं नाही. १९४२ ते १९६४ या काळात करारावर आणलेल्या लाखो मेक्सिकन शेतमजुरांपैकी अनेकांच्या उघड्या अंगावर डीडीटीची पावडर फवारली गेली. त्याची छायाचित्रं उपलब्ध आहेत. ज्याच्या आजोबांनी ‘आरोग्य तपासणी’ म्हणून हे सोसलं, त्याला पांढरा कोट पाहून हायसं वाटेल अशी अपेक्षा कशी करायची?

म्हणून तपासणी जिथे लोक आपणहून येतात तिथे न्यायची, असा एक नामी उपाय निघाला. मेक्सिकोच्या अमेरिकेतल्या वकिलातींमध्ये पासपोर्ट, ओळखपत्र, जन्माचे दाखले यांसाठी रांगा लागतात. तिथेच एक टेबल मांडायचं, रक्तदाब आणि साखर बघायची, लसीची माहिती द्यायची, जवळच्या दवाखान्याचं नाव हातात ठेवायचं, सगळं स्पॅनिशमध्ये. ‘वेंतानिया दे सालुद’, आरोग्याची खिडकी. २००३ च्या सुमारास सान दिएगो आणि लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली ही खिडकी पुढे देशभरातल्या मेक्सिकन वकिलातींमध्ये उघडली. रांगेत ताटकळणारा माणूस मोकळाच असतो, हे सरकारी कचेरीत बसलेल्या कोणालाही पटेल.

रांगेतला माणूस निदान एका जागी असतो. शेतमजूर नसतो. फ्लोरिडातली संत्री संपली की उत्तरेला, तिथून सफरचंदाच्या हंगामाला आणखी पुढे. ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या महाराष्ट्राला हे नवं नाही. क्षयरोगाचा कोर्स किमान काही महिन्यांचा. हंगाम सहा आठवड्यांचा. मग कोर्स तुटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासा होतो. टेक्सासमधल्या ‘मायग्रंट क्लिनिशियन्स नेटवर्क’ने नव्वदच्या दशकात यावर काम उभं केलं. रुग्ण निघण्याआधी त्याचं नाव नोंदवायचं. तो जिथे जाईल तिथला दवाखाना शोधायचा, कागद तिथे पाठवायचे, आणि त्याच्या भाषेत फोन करत राहायचं, मायदेशी परतला तरी. यात कुठलंही नवं औषध नाही. एक फोन आणि तो उचलावासा वाटेल असा पलीकडचा आवाज.

एवढ्याने आजार हटतात का? टेक्सासच्या स्टार परगण्यात, रिओ ग्रांदे नदीच्या काठी, जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन मुळांची आणि मधुमेह घरोघरी. तिथे मधुमेह असलेल्या २५६ जणांना घेऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. द्विभाषक मेक्सिकन-अमेरिकन परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि वस्तीतले कार्यकर्ते; वर्षभरात ५२ तासांच्या बैठका; स्वयंपाक त्यांचा, भाषा त्यांची, चित्रफितीही त्याच गावात काढलेल्या. सहा महिन्यांनी या गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, दुसऱ्या गटापेक्षा १.४ अंकांनी कमी होती. एखाद्या चांगल्या गोळीइतका हा गुण. पण त्याच अहवालात हेही आहे, की सुधारणेनंतरही सरासरी दहाच्या वर होती, म्हणजे धोक्याच्या बरीच पुढे. मला हा अभ्यास आवडतो तो या दुसऱ्या आकड्यामुळे. भाषा आणि आपुलकी यांनी जे होतं ते झालं. उरलेलं पैशाचं, विम्याचं, कामाच्या तासांचं होतं.

उन्हाचंही तसंच. २००८ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका द्राक्षमळ्यात सतरा वर्षांची गर्भवती मजूर मुलगी उष्माघाताने गेली. उन्हात काम करणाऱ्यांसाठी सावली आणि पाण्याचा नियम त्या राज्यात २००५ पासून होता, देशात पहिला. ताशी साधारण लिटरभर पाणी प्यावं, हे तिला स्पॅनिशमध्ये कोणी सांगितलं असतं तरी पाणी दहा मिनिटं चालत जाण्याइतकं दूर होतं. पेटीमागे पैसे मिळणाऱ्या कामात सावलीत बसलेली पाच मिनिटं मजुरीतून जातात, हे मजुराला कुठल्याही भाषेत समजतं. प्रोमोतोरा याबाबत फार तर हक्काची माहिती देते आणि तक्रार कुठे करायची ते सांगते. सावली उभारणं मालकाचं काम.

कोविडने हा फरक आकड्यांत दाखवला. गरिबी असूनही अमेरिकेतल्या हिस्पॅनिकांचं आयुर्मान गोऱ्यांपेक्षा जास्त, हे कोडं संशोधक १९८० च्या दशकापासून सोडवत आहेत. तब्येतीने धडधाकट माणसंच स्थलांतर करतात, सिगारेट कमी, कुटुंब घट्ट, अशी कारणं सांगतात. २०१९ मध्ये त्यांचं आयुर्मान ८१.९ वर्षं होतं. एका वर्षात ते जवळजवळ चार वर्षांनी घसरलं. भाजी खुडणं आणि मांस कापणं घरून करता येत नाही.

त्याच साथीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. स्पॅनिश पत्रकं छापून झाली, स्पॅनिश जाहिराती झाल्या, आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांत असे मजूर सापडले ज्यांना स्पॅनिशही धड येत नव्हती. मेक्सिकोच्या ओआहाका आणि गेरेरो भागांतून आलेले मिस्तेको, सापोतेको, त्रिकी, मिचोआकानचे पुरेपेचा. या स्पॅनिशच्या बोली नाहीत, स्पेनची माणसं त्या भूमीवर यायच्या कितीतरी आधीपासूनच्या स्वतंत्र भाषा आहेत. मिस्तेकोत सुरावर अर्थ बदलतो आणि एका खोऱ्यातलं बोलणं पुष्कळदा दुसऱ्याला कळत नाही. अशा बाईच्या बाळंतपणात दोन दुभाषे लागतात: एक इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, दुसरा स्पॅनिशमधून मिस्तेकोत. डॉक्टरचा प्रश्न तिच्यापर्यंत पोचून उत्तर परत येईपर्यंत चार उड्या. ‘द्विभाषक’ हा शब्द अमेरिकन आरोग्यखात्यात अभिमानाने वापरला जातो. या बाईसाठी तो अपुराच.

शेतातल्या कीटकनाशकांच्या डब्यावर वर्षानुवर्षं सगळा मजकूर इंग्रजीत असायचा आणि जास्त विषारी डब्यांवर स्पॅनिशमध्ये एक वाक्य: हे लेबल कळत नसेल तर ते समजावून सांगणारं कोणीतरी शोधा. त्या ‘कोणीतरी’चा पगार मात्र कुठल्याच खात्याच्या हिशेबात नव्हता. प्रोमोतोरांचा पगार अजूनही बहुतेक ठिकाणी अनुदानावर. अनुदान संपलं की बाई पुन्हा शेतावर. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२२ पासून गरिबांच्या सरकारी विम्यातून त्यांच्या कामाचे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि २०२२ च्याच एका कायद्याने सर्वांत विषारी गटातल्या लेबलांचं स्पॅनिश भाषांतर डिसेंबर २०२५ पासून सक्तीचं केलं. मिस्तेको बोलणाऱ्या अनेकांना आपली भाषा लिखित रूपात वाचायची सवयच नाही, त्यामुळे तिथे लेबल उपयोगाचं नाही. ऑक्सनार्ड या स्ट्रॉबेरीच्या गावात मिस्तेको मजुरांची संघटना २००१ पासून काम करते. तिने छापण्याऐवजी बोलायचं ठरवलं. त्यांचं ‘रादिओ इंदिखेना’ ९४.१ एफएमवर लागतं. त्यावर गाणी असतात, गावाकडच्या गप्पा असतात आणि मिस्तेकोत आरोग्याची माहितीही असते.